पंखा लागेपर्यंत

पडदे शिवणाऱ्या आत्याला अख्खी गल्ली आत्या म्हणायची. सख्खी भाचरं दूरदेशी गेलेली, पण हाक मारणाऱ्यांची वाण नव्हती. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, घरी येऊन शिवायचं, पुन्हा जाऊन पडदे टांगायचे, असा तिचा धंदा. साऱ्या फेऱ्या एका जुन्या व्हॅनमधून. व्हॅनचा मूळ रंग कोणता, यावर दोन माणसांचं एकमत होत नसे.

तिच्याबरोबर तिची भावजय असायची. आत्याचा भाऊ, दादा, वारल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून राहायला आली आणि राहिलीच. पडद्यांच्या दुमडी घालायचं काम तिचं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की लोकांना त्याचीच शंका यायची.

एकच गोष्ट होती. वहिनी व्हॅनमध्ये पुढे बसत नसे. पुढची, चालवणाऱ्याच्या शेजारची जागा दादाची. दादाला गाडी चालवता येत नव्हती, पण रस्ता सांगायची भारी हौस, आणि सांगायचा तो हमखास चुकीचा. तो गेल्यावर त्या जागेवर हूक आणि कड्यांचा डबा आला. वहिनी मागे, कापडाच्या गुंडाळ्यांमध्ये बसायची. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

एका दुपारी दवाखान्याचे पडदे घेऊन दोघी निघाल्या आणि पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली. काटा पार लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघायला लागली.

"वन्सं, हिला ताप आलाय," वहिनी मागून म्हणाली.

थांबत, निववत, कशीबशी त्यांनी ती गॅरेजपर्यंत नेली. तिथला मिस्त्री फार हळू बोलायचा; त्याचं वाक्य संपेपर्यंत इंजिन गार होतं, असं गिऱ्हाइकं म्हणत. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "रेडिएटर आतून गाळानं भरलाय. खालून पाझरतोय. त्यात पंख्याचा सेन्सर मेलाय. पाणी तापलंय हे पंख्याला सांगणारंच कुणी नाही, मग तो बिचारा फिरेल कशाला?"

शेजारपाजारचे म्हणाले, भंगारात काढा. आत्या म्हणाली, "तापते तर मीसुद्धा. मला काढता का?"

जुन्या गाडीचे भाग मिळायला वेळ लागला. मिळाले तेव्हा मिस्त्रीनं दोघींना बोलावून घेतलं. गॅरेजच्या पत्र्याला भोकं होती आणि त्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. मिस्त्रीनं खाली घमेलं ठेवून रेडिएटरचा नळ सोडला. चहासारखं तांबूस पाणी आलं, मग गाळ, मग काहीच नाही. त्यानं क्लिपा ढिल्या करून रबरी पाइप उपसले, सेन्सरची वायर काढली, पंखा सोडवला, आणि झोपलेलं मूल उचलावं तसा जुना रेडिएटर दोन्ही हातांनी वर घेतला. त्याच्या जाळीत किडे, पिसं आणि वाळकी पानं अडकली होती. आत्या ते पाहत राहिली. इतक्या वर्षांचे रस्ते तिथे येऊन बसले होते.

नवा रेडिएटर बसला. नवा सेन्सर, अंगठ्याएवढा, नव्या वॉशरसकट पिळून घट्ट झाला. मिस्त्रीनं कूलंट भरलं. "आता आत हवा अडकलेली असते, ती बाहेर काढायची. आत्या, गाडी चालू करून बसा. हीटर पूर्ण उघडा. पाय थोडा दाबून ठेवा. पंखा आपोआप लागला की काम झालं."

वहिनी नेहमीसारखी मागे बसली. हीटरची ऊब आत्याच्या पावलांवर आली, मग गुडघ्यांवर, मग पापण्यांवर. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. मिस्त्री पाइप दाबत होता आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे फुटत होते. आत्याचा डोळा लागला.

व्हॅन चालली होती, आणि चालवत होता दादा. एक हात खिडकीबाहेर, दुसरा स्टिअरिंगवर, अगदी सराईत. रस्त्यावर पाणी होतं, घोट्याएवढं, आरशासारखं, आणि गाडी त्यावरून आवाज न करता जात होती. दोन्ही बाजूंना भिंती नसलेल्या खिडक्या उभ्या होत्या आणि त्यांचे पडदे वाऱ्यानं फुगत होते. दादाला गाडी कधी यायला लागली, असं आत्याच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर त्याला आठवलं असतं की आपल्याला येत नाही, आणि गाडी थांबली असती. ती गप्प राहिली. तो रस्ताही सांगत नव्हता. फार सुख वाटत होतं.

मग समोरून वारा सुटला, मोठ्ठा, घोंघावणारा, आणि तिला जाग आली.

पंखा लागला होता. ती शेजारच्या सीटवर होती, हुकांचा डबा तिच्या मांडीवर होता आणि स्टिअरिंगवर वहिनी बसली होती. पदर खोचलेला, नजर काट्यावर, पाय अॅक्सिलरेटरवर.

"तुमचा पाय सुटला," वहिनी काट्यावरची नजर न काढता म्हणाली. "गाडी बंद पडायला लागली. मिस्त्री म्हणाले, वहिनी, तुम्ही बसा. तुम्हाला हलवून सरकवलं तर झोपेतच सरकलात."

"मला उठवायचं नाही का?"

"गाडीला गरज पायाची होती," मिस्त्री सावकाश म्हणाला. "कुणाचा का असेना." त्यानं रेडिएटरचं झाकण लावलं. पंखा थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा आपणहून फिरू लागला. वहिनीच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू तो तिच्याच सांगण्यावरून फिरतोय.

"दादा चालवत होता," आत्या हळूच म्हणाली. "आत्ता. स्वप्नात."

वहिनीनं काट्यावरची नजर पहिल्यांदा काढली. "नीट चालवत होते?"

"एकदम नीट."

"मग स्वप्नच ते," वहिनी म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनीनं डोळे पुसले. पाय मात्र तिनं काढला नव्हता.

मिस्त्री इंजिन बंद करायला सांगायला आला, तेव्हा तिनं विचारलं, "पुढे न्यायची असेल तर काय दाबतात?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "तुला शिकायचीय?"

"इतकी वर्षं मागे बसून मी काय नुसते पडदेच बघत होते?"

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत वहिनी गाडी शिकली. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत तिनं खांबाला धडक दिली. दुसऱ्या खेपेला खांब वाचला. हुकांचा डबा मागे, गुंडाळ्यांत गेला.

दवाखान्याचे उरलेले पडदे टांगायला निघाल्या, तेव्हा चालवत होती वहिनी. पुलाचा चढ आला. पुढून पंख्याची घरघर सुरू झाली, काटा मधोमध स्थिर राहिला. आत्याला काही करायचं नव्हतं. हा पूल तिला कायम रस्त्याचा एक चढ म्हणूनच माहीत होता. आज तिनं मान वळवली, तर खाली नदी होती. संथ, रुंद, मधल्या दगडावर एक बगळा, आणि काठाला उलटी घातलेली होडी.

"वहिनी, खाली बघ तरी, किती..."

"बोलू नका, वन्सं," वहिनी म्हणाली. "मला गिअर बदलायचाय."