बंकटची वीस मिनिटं

चकलांब्याचा टँकरवाला बंकट मनगटाला घड्याळ बांधायचा नाही, पण तोंडी मिनिटांचा तोटा नव्हता. कुणाचाही फोन आला की, "पाच मिंटात आलो!" मग तो टँकर भरायच्या रांगेत असो, नाहीतर घरी न्याहारीला बसलेला. लोकही काही बावळट नव्हते. दूध संस्थेच्या वत्सलाबाईंनी हिशेबच लावून ठेवला होता: बंकटची पाच मिनिटं म्हणजे दोन तास. सगळा गाव त्या बेताने घागरी बाहेर काढायचा, आणि या गड्याला वाटायचं, आपण लोकांना छान खेळवतोय.

तेरा सालच्या दुष्काळात मात्र एका सकाळी त्याचा जीव टांगणीला लागला. गावाची जनावरं संस्थेच्या दावणीला बांधलेली, आणि तिथला हौद कालपासून कोरडा होता. वत्सलाबाईंनी बजावलं होतं, "अकराच्या आत पानी आलं तर ठीक, न्हाईतर समदी जनावरं चारा-छावणीला हाकते." छावणी दोन कोस लांब, मधे उघडा माळ. त्या जनावरांत बंकटची म्हैस होती, गाभण, दिवस भरत आलेली. एवढ्या उन्हात ती चालली तर संपलीच.

रांगेत तो सारखा खाली उतरायचा, पुन्हा वर चढायचा. विडी पेटवायचा, दोन झुरक्यांत फेकायचा. वीज गेली, आली. साडेदहाला एकदाचा टँकर भरला. आज थाप मारायचा त्याला धीर झाला नाही. रस्ता मनात मोजून त्याने फोन लावला, "काकू, ईस मिंटं लागतील. थांबा."

"ईस?" वत्सलाबाई म्हणाल्या. "बरं." आणि फोन ठेवला.

विसाव्या मिनिटाला टँकर हौदाशी उभा राहिला. दावणी मोकळ्या. सावलीला एकटी त्याची आई, कडूबाई.

"कुठं गेले समदे?"

"छावणीला. वत्सलाबाई म्हनली, पाचाचे दोन तास, तर इसाचे आठ. संध्याकाळपातूर कोन थांबतंय?"

"आन् आपली म्हस?"

"तिला कावून ठिवू? पान्याबिगर?"

बंकटने कॅन भरला आणि माळाची पाऊलवाट धरली. टँकर त्या वाटेने जाणारा नव्हता. धावता धावता तो स्वतःलाच शिव्या घालत होता. म्हैस चढावर पडलेली सापडली, मान टाकून. वत्सलाबाई पदराने वारा घालत होत्या. त्याने म्हशीच्या तोंडाशी पाणी धरलं. तिने जीभसुद्धा हलवली नाही.

"जरा टायमावर आला असतास, बाबा," वत्सलाबाई रडत म्हणाल्या.

टायमावरच आलतो, हे आता कोण खरं मानणार? बंकटने कॅनमधलं उरलेलं पाणी म्हशीच्या अंगावर ओतलं.