विमानाचा बटवा

आष्ट्याच्या पंचक्रोशीतून आजवर जो कोणी विमानात बसला, तो आमच्या आक्काची औषधं घेतल्याशिवाय बसला असेल यावर माझा विश्वास नाही. दुबईला नोकरीला निघालेला असो, काश्मीरला सहलीला निघालेलं नवं जोडपं असो, नाहीतर लेकाकडं पहिल्यांदाच निघालेले, पँट घालायची सवय नसलेले कुणाचे वडील असोत, सगळे आधी आक्काच्या सोप्यात बसायचे. आक्का जिभा बघायची, पोटाची चौकशी करायची आणि मग जुन्या लुगड्याच्या काठाचा शिवलेला बटवा त्यांच्या हातात ठेवायची. त्यात काय नसायचं? भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, सुंठ-गुळाच्या गोळ्या, आवळासुपारी, लवंगा, जायफळाचा तुकडा, हिरड्याचं चूर्ण. विमान वर चढताना लवंग गालात धरून लाळ गिळत राहायचं, म्हणजे कानात दडे बसत नाहीत. पोटात ढवळलं की सुंठीची गोळी. झोप येत नसेल तर जायफळ. पायाला सूज येऊ नये म्हणून घरातून निघतानाच निर्गुडीचा पाला उकळलेलं तिळाचं तेल तळपायांना चोळून वर मोजे चढवायचे, कारण तेलाची बाटली ते लोक आत नेऊ देत नाहीत. हा शेवटचा नियम आक्का असा सांगायची, की तो तिच्या तेलाच्या धास्तीनंच काढला असावा.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. ऊस पुतण्या बघतो, आणि आक्का आष्ट्याच्या घरात एकटी असते. मुलगा आणि मुलगी दोघंही अमेरिकेत. त्यामुळे आमच्या घराण्यात विमानाचा सगळ्यात जास्त अनुभव तिला, आणि त्या अनुभवाचा तिला जो अभिमान होता तो एखाद्या वैमानिकालासुद्धा नसेल. मी सांगलीत, विश्रामबागेत राहणारा, कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस. विमानात बसलो तो एकदाच, दिल्लीला एका लग्नासाठी. तेवढ्यासाठीही आक्का एसटीनं सांगलीला आली. ‘‘तुझं पोट ल्हानपनापास्नं जड,’’ म्हणाली आणि आदल्या दिवशी चिमटीऐवजी चमचाभर हिरडा तिनं समोर बसून पाजला. एवढ्या मोठ्या विमानात संडास किती कमी असतात, हे मला त्या प्रवासात कळलं. खिडकीतून दिल्ली कशी दिसते ते मला आजही सांगता येणार नाही. परत आल्यावर मी तक्रार केली तर ती म्हणाली, ‘‘पर उलटी झाली का? न्हाई न्हवं? मग?’’

तिच्या स्वतःच्या प्रवासाच्या गोष्टी तर सगळ्या भावकीला पाठ होत्या. एकदा तपासणीच्या ठिकाणी तिथल्या जवानानं पुरचुंडी हातात घेऊन दरडावून विचारलं, ‘‘ये क्या है?’’ आक्का म्हणाली, ‘‘ओवा. वास घे.’’ त्यानं संशयानं हुंगलं आणि त्याला अशा काही शिंका सुटल्या की मागची रांग थांबली. शिंका थांबल्यावर त्याचं चोंदलेलं नाक मोकळं झालं होतं. आक्कानं त्याला मूठभर ओवा काढून दिला आणि मगच पुढं गेली. दुसऱ्या एका प्रवासात तिच्या मोज्यातल्या निर्गुडीचा वास सहन न होऊन शेजारच्या बाईनं तक्रार केली. हवाईसुंदरीनं आक्काला उठवून मागं, तिन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या तिथं नेऊन बसवलं. आक्का रात्रभर ऐसपैस आडवी झाली. ‘‘म्हाताऱ्या मानसाची लय कदर करत्यात,’’ हे ती आजही सांगते, आणि आमच्यापैकी कुणीही तिला खरं कारण सांगितलेलं नाही.

त्यात आम्ही जैन, आणि आक्काचा नेम कडक. सूर्य मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घालायची नाही. पहिल्यांदा अमेरिकेला जाताना तिला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंतच काय ते खायला मिळणार. पण विमान पश्चिमेला चाललेलं. सूर्य काही केल्या मावळेना! आक्का घड्याळाकडं बघायची, खिडकीकडं बघायची आणि दशम्यांचा डबा उघडायची. येताना मात्र उलटं झालं. विमान उडतंय तोवर अंधार पडला, मधे उजाडलं ते बंद खिडक्यांमुळे तिला कळलंच नाही, आणि आक्का मुंबईपर्यंत उपाशी आली. आम्ही या गोष्टीवर पोट धरून हसायचो.

पण ती तिथं जाऊन काय करायची, यावर कुणी हसण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा गेली ती लेकीच्या बाळंतपणाला. मग सुनेच्या. मग मुलाचं बाळ पाळणाघरात सारखं आजारी पडायला लागलं म्हणून पुन्हा. तिकीट यायचं तेव्हा घरात कुणाला तरी कळा येणार असायच्या, नाहीतर ताप आलेला असायचा. एकदा ती परत आल्यावर माझ्या बायकोनं हौसेनं विचारलं, ‘‘आक्का, अमेरिका कशी आहे हो?’’ आक्का मन लावून सांगायला लागली, ‘‘गॅस लय चांगला हाय. चार शेगड्या. भांडी घासायचं मशिन हाय, पर माझा त्याच्यावर भरवसा न्हाई. मी आपली हातानंच घासायची.’’ बायको पुढं ऐकायला थांबली होती. पण पुढं काही नव्हतंच.

नातू शाळेत जायला लागला आणि तिकिटं येणं बंद झालं. आक्कानं बरीच वाट बघितली. मग एके दिवशी माझ्यासमोरच तिनं मुलाला फोन लावला. तो फोनवर दिसत होता, गाडीत बसलेला, घाईत. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, ‘‘व्हय रं, दिवाळीला येऊ का मी? नुसती?’’

‘‘नुसती म्हणजे?’’

‘‘म्हंजे अशीच. बसायला. तुमास्नी बघायला.’’

भाचा हसला. त्यात काही कुजकेपणा नव्हता, खरोखरच त्याला गंमत वाटली. ‘‘आता कशाला गं आई? आता इथं काही काम नाही. उगाच एवढा प्रवास करायचा म्हणजे तुलाच त्रास.’’

‘‘बरोबर हाय,’’ आक्का म्हणाली. फोन बंद करून तिनं तो पदरानं पुसला आणि मला विचारलं, ‘‘चहा घेनार न्हवं?’’

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. शेजारच्या गल्लीतला एक पोरगा मस्कतला निघाला होता. त्याची आई त्याला घेऊन आक्काकडं आली. आक्कानं त्याची जीभ बघितली नाही की पोटाची चौकशी केली नाही. ‘‘मेडिकलमदनं गोळी घे. त्येच बरं पडतंय,’’ म्हणाली आणि ज्वारी निवडत बसली. आक्काची तब्येत बिघडली असं समजून त्या माउलीनं मला फोन केला. मी गेलो. आक्का ठणठणीत होती. फळीवरच्या बरण्या तेवढ्या रिकाम्या करून पालथ्या घातल्या होत्या.

मला भाच्याचा मनस्वी राग आला. मी त्याला फोन करून बोललोही. तो म्हणाला, ‘‘मामा, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. ती एकटी घरात बसून काय करणार?’’ मी म्हणालो, ‘‘ती आष्ट्यात काय करते, तेच.’’ एवढं बोलून मी फोन ठेवला. आपल्या शब्दांनी कुणाचं मन पालटेल असं वाटण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सून जिन्यावरून पडली. पायाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. भाच्याचा फोन आला तेव्हा मी आष्ट्यातच होतो. ‘‘आई, ये ना गं. तुझ्याशिवाय होणार नाही. तिकीट काढलंय.’’ मला वाटलं, आता आक्का बोलेल. निदान क्षणभर गप्प तरी बसेल. तिनं फोन कानाला तसाच धरला, दुसऱ्या हातानं तवा गॅसवर ठेवला आणि ओवा भाजायला घेतला. ‘‘तिला म्हनावं हलू नगं. मी आले,’’ असं ती सांगत होती. तोंडावर असं तेज आलं होतं की मला बघवेना.

‘‘तुला काही वाटत नाही का गं?’’ मी चिडून विचारलं. ‘‘नुसती येते म्हणालीस तेव्हा नको होतीस. आता भांडी घासायला हवीस?’’

आक्का ओवा हलवत राहिली. मग म्हणाली, ‘‘मला समजत न्हाई असं वाटतंय व्हय तुला? समजतंय की. पर बोलावलं न्हवं? बोलावलंच नसतं म्हंजे मी काय केलं असतं?’’

मुंबईला सोडायला मीच गेलो. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा ती एकदम म्हणाली, ‘‘त्येच्या घरापास्नं समुद्र अर्ध्या तासावर हाय म्हनं. इतक्या येळा गेले, कवा बघितला न्हाई. ह्या येळला सांगितलंय त्येला, एक दिस मला तिथं न्यायचं. व्हय म्हनालाय.’’ हे सांगताना तिनं चहा बशीत ओतला, आणि तो निवेपर्यंत हसत राहिली.

ती सहा महिन्यांनी परत आली. मी विमानतळाबाहेर उभा होतो. मोजे उतरवलेले, पाय सुजून चपलेत मावत नव्हते; तेल लावायला बहुधा सवडच झाली नसावी. सून आता छान चालते, नातू इंग्रजीतच बोलतो पण भाकरी खातो, हे सगळं तिनं पनवेल येईपर्यंत सांगितलं. समुद्राचं काही निघेना. शेवटी न राहवून मीच विचारलं.

‘‘बघितला की,’’ आक्का म्हणाली. ‘‘यायच्या आदल्या दिवशी न्हेलं त्येनं. सुटीचा दिवस, लय गर्दी. गाडी लावायला जागाच घावंना. दोन येळा फिरून आलो. मग गाडीतनंच बघितला.’’

मी खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली.

‘‘लय मोठा हाय रं,’’ ती म्हणाली. ‘‘पोराचं तोंड एवढंसं झालं. मग मीच म्हनलं, ऱ्हाऊ दे बाळा. फुडच्या येळला बघू.’’

पुढच्या वेळी त्या घरात कुणाला काय व्हायला हवं, हे मी तिला विचारलं नाही. तिनं सीटवर पाय वर घेतले, पदर डोक्यावरून ओढला आणि डोळे मिटले. तिच्या सुजलेल्या पावलांवर मी माझी शाल घातली. घाट येईपर्यंत ती गाढ झोपली होती.