अर्धा तास कमी पडलेली पीएचडी

वही सापडत नाही म्हणे!

कालच्या शोकसभेत सरांनी मला हेच ऐकवलं. वर, "सुमनबाई, जुनं उकरू नका."

का नको उकरू? वैशाली मॅडम शुक्रवारी गेल्या. त्यांची वही सरांच्या कपाटात मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मॅडम जळगावला आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. मी लॅबमध्ये काचेची भांडी धुवायचे. सातवी पास. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट.

मॅडमची पीएचडी चालली होती. हे सर त्यांचे गाइड.

लोखंडाच्या क्षारांत अमोनिया टाकला की काळी बुकटी व्हायची. इतकी बारीक की दाणा दिसायचा नाही. आता सगळे नॅनो नॅनो करतात. तिच्यावर सिलिकाचा थर चढवायचा, मग अंड्याच्या पांढऱ्याच्या पाण्यात टाकायची. प्रोटीन तिला चिकटायचं. बाहेरून जुन्या लाउडस्पीकरचा मॅग्नेट लावला की काळं सगळं एका बाजूला.

पण थर चढायला सलग तीन तास. गरम बीकरमध्ये सिलिकाचं पाणी थेंब थेंब सोडायचं, मध्ये थांबलं की बॅच गेली.

मॅडम लेक्चरमधून सुटायच्या दोनला. साडेचारला सासरे लुना घेऊन गेटवर.

"चाल वं बेटा, घरमा बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात." घरी सगळे वाट बघतायत, हे रोजचंच.

माणूस गोड. कधी आवाज चढवला नाही. म्हणूनच मॅडमना त्यांना नाही म्हणता आलं नाही.

रविवारी लॅबला कुलूप.

दोन वर्षं बाई त्या अर्ध्या तासात अडकली.

एकदा म्हणाल्या, "सुमन, मी गेले की राहिलेले थेंब तू सोड. दहा मोजायचे, मग एक थेंब."

"माझ्याने बिघडलं तर?"

"पिठलं करतेस ना? घाई केली की गुठळ्या. तसंच."

घरी जायला चोपड्याची एसटी गाठायची म्हणून मी घाई केलीच. सगळा गोळा झाला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवीन बीकर मांडला.

दुसऱ्या वेळी मी एसटी सोडली. थर बसला. प्रोटीन धरलं!

मॅडम वहीत लिहायला लागल्या, शेवटचा अर्धा तास सुमनने केला.

"माझं नाव कशाला घालता? लोक हसतील."

"तू केलंस ना? मग गप बस."

सरांनी ते वाचलं. म्हणाले, भांडी धुणाऱ्या बाईचं काम धरता येत नाही, सगळं पुन्हा स्वतः करा. आणि वही ठेवून घेतली.

स्वतः करायला अर्धा तास कुठून आणायचा होता तिने? तुमच्या घरून?

पीएचडी राहिली ती राहिलीच. पुढे सासरे वारले. तरी मॅडम साडेचार वाजले की पर्स उचलायच्या. मी विचारलं, आता कोण बोलवतंय? म्हणाल्या, "सवय गं."

मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. अजून आहे.

मॅडम, तुमच्यासारखं खरं लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सुमनचा शेवटचा नमस्कार.

आणि सर, रविवारी दहावं आहे. मॅडमच्या मुलीला आईची वही हवी आहे. देणार की नाही, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत इथेच या पोस्टखाली लिहा. सगळ्यांना वाचू दे.