दातांनी ऐकणारे नाना

नाना बेस गिटार कानांनी ऐकत नसत, दातांनी ऐकत. गिटार उभी धरायची, तिच्या लाकडी खांद्यावर समोरचे दात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याने सर्वांत जाड तार छेडायची. मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर गेलो तेव्हा माझ्या चकचकीत काळ्या गिटारचा त्यांनी असाच चावा घेतला, आणि मी धसकून उठून उभा राहिलो. आतून त्यांच्या पत्नी, अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, भिऊ नका. चावतस पन गिळतस नई."

नानांचा एक कान लहानपणीच गेला होता आणि दुसरा अर्धाच राहिला होता. मूळचे साक्रीकडचे, पण नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात. तिथे त्यांचं काम पंपांची तब्येत पाहण्याचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ दातांत धरायची आणि आतलं बेअरिंग कुरकुरतंय का ते ओळखायचं. कॉलनीतल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायला माणूस मिळेना, तेव्हा नानांनी तीच विद्या गिटारला लावली. निवृत्तीनंतर ते जळगावात राहिले आणि ओट्यावर बसून लोकांची वाद्यं दुरुस्त करू लागले.

मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. ती काळी पाच तारांची गिटार मी महिनाभर मोबाइलवर परीक्षणं पाहून मागवली होती. घरात ती अशी घुमायची की कपाटातल्या वाट्या थरथरत. पण कार्यक्रमात ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की ती कुठे गडप व्हायची कळायचं नाही. आमच्या गायिका सुनीताताईंनी शेवटी सांगितलं, "सर, तुम्ही वाजवताय की नुसते उभे आहात हे मला दोन वर्षांत समजलेलं नाही. पिंपळनेरची हळद आहे, तिथपर्यंत बघा. नाहीतर बेस कीबोर्डवरच वाजवून घेऊ." म्हणून मी नानांकडे आलो होतो.

मी खुर्चीत बसून, मांडीवर गिटार घेऊन, माझी सर्वांत अवघड करामत वाजवून दाखवली. नाना माझ्या हातांकडे पाहत होते.

"मास्तर, लगनमा तू बठीसन वाजाडस का?"

"नाही, उभा राहून."

"मंग आठे बठीसन काब्र दखाडस?"

त्यांनी मला उभं केलं, पट्टा खांद्यावर घालायला लावला आणि म्हणाले, दोन्ही हात सोड. मी सोडले. गिटारची दांडी तहानलेल्या म्हशीसारखी सरळ जमिनीकडे गेली. नाना म्हणाले, "तुना डावा हात वाजाडत नई, हमाली करस." मग त्यांनी मला लग्नात नेहमी वाजवतो ते साधं गाणं वाजवायला लावलं, तेही वीज न जोडता. ते दातांनी ऐकत राहिले आणि मी त्यांच्या टकलापासून चार बोटांवर वाजवत राहिलो. "तू तारले गुदगुल्या करस," त्यांनी निदान केलं. "हलक्या हातना मानूसले बोलकी गिटार लागस. हाई तोंडमा पान धरीसन बोलस." शेवटी निकाल आला, "गिटार चांगली शे. तू बी चांगला शे. पन तुमनं जमाव नई."

आतून त्यांनी स्वतःची गिटार आणली. चार तारांची, दांडीने आखूड, आणि पंपांना देतात तसल्या राखाडी रंगाने रंगवलेली. ती गळ्यात घातल्यावर मी विहिरीवर मोटार बसवायला निघालेल्या माणसासारखा दिसत होतो. पण हात सोडले तरी ती जागची हलली नाही.

पिंपळनेरला मी दोन्ही गिटारी नेल्या. पिंपळनेर साक्रीकडचंच, तेव्हा गावाकडची हवा खायची म्हणून नानाही गाडीत बसले. दुपारी हळद सुरू झाली. व्हिडिओवाला समोर होता, म्हणून मी लाजेखातर काळी गळ्यात घातली. नाना पाहुण्यांमध्ये बसले नाहीत. मांडवाच्या लोखंडी खांबाला दात लावून उभे राहिले. वरपक्षातल्या एका मावशींनी त्यांना अशक्तपणा आलाय असं समजून लिंबू सरबत पाजलं. तिसऱ्या गाण्यानंतर नानांनी खांब सोडला आणि लांबूनच मान हलवली. मी राखाडी घेतली.

दुसऱ्याच ओळीला सुनीताताई गाता गाता मागे वळल्या. ढोलकीवाला वळला. मी खूश झालो. आवाज खरोखरच मोकळा, गोल, ढोलकीच्या शेजारी ऐटीत बसल्यासारखा येत होता. गाणं संपल्यावर ताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही दोन वर्षं हेच वाजवत होता?"

माझ्या साऱ्या चुका आता पहिल्यांदाच ऐकू येत होत्या. कडव्याला मी चुकीच्या सुरावर जात होतो, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. मी काळी उचलायला वळलो तर ती जागेवर नव्हती. नाना तिच्यासकट जेवणाच्या पंगतीत बसले होते. मी जाऊन हात पुढे केला. त्यांनी वरण-बट्टी कालवता कालवता सांगितलं, "चुका झाकाले माय लागस, गिटार नई. जाय, वाजाड."

उरलेली हळद मी फक्त खात्रीचे सूर वाजवून काढली. ते एकूण तीन होते. ताईंनी मला काढलं नाही. दर रविवारी सकाळी नानांकडे जायचं, ही अट मात्र घातली.

ते रविवार चांगले गेले. मधे नानांचे दात पडले आणि कवळी बसली, तेव्हा आठवडाभर त्यांना जळगावातल्या प्रत्येक गिटारमध्ये खरखर ऐकू येऊ लागली. एका चर्चच्या, एका कॉलेजच्या आणि माझ्या गिटारच्या तारा त्यांनी वर-खाली करून ठेवल्या. शेवटी अक्कांनी बशीत कवळी काढून घेतली आणि खरखर थांबली. त्यानंतर ते हनुवटीने ऐकू लागले आणि कवळीला त्यांनी कधी क्षमा केली नाही.

एकदा नाशिकच्या दुकानात मला एक बेस फार आवडली. बोलकी होती, तोलाची होती, उभं राहून अर्धा तास वाजवली. मी फोन लावला. नानांना फोनवर काहीच ऐकू येत नसे, म्हणून मधे अक्का होत्या. मी सगळं सांगितलं. तिकडे अक्का ओरडून सांगत होत्या, नाना काहीतरी पुटपुटत होते. मग अक्का म्हणाल्या, "ते इचारी राहिनात, वाजाडतांना तुमले त्यास्नी याद उनी का?"

"आली ना. सारखी येत होती."

पुन्हा पुटपुट. "म्हंतस, मंग लेऊ नका. जी आपली ऱ्हास, ती वाजाडतांना कोनीच याद येत नई."

मी ती बेस दुकानातच ठेवून परत आलो. नाना गेले त्याला आता वर्ष होईल. या वर्षात मी तीन चांगल्या बेस हातात घेऊन पाहिल्या. उभं राहून, हात सोडून, आपलं साधं गाणं वाजवून. तिन्ही वेळा पहिल्या तारेलाच ते आठवले. त्यांच्या नियमाने मला आता कुठलीच गिटार घेता येत नाही.