वर्तुळ आणि तिरकी रेघ

आता हे चिन्ह टाइप करणं म्हणजे पोरखेळ झालाय. २२०५ लिहायचं, आल्ट आणि एक्स दाबायचं, की आकडा पुसला जातो आणि त्याच्या जागी रिक्त संच हजर: ∅. एखादी शिकाऊ मुलगी माझ्यासमोर हे चुटकीसरशी करते तेव्हा मला तिचं कौतुक वाटायला पाहिजे. वाटत नाही, राग येतो. इतकं सोपं व्हायचंच होतं तर आमच्या वेळेला का झालं नाही, असा तो वेडगळ राग आहे आणि तो कुणावर काढायचा हे मला अजून कळलेलं नाही.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला मावशीकडे होते. टायपिंगच्या परीक्षा द्यायला तिथं राहिले होते. आमचं लातूरचं घर उभं राहिलं, भिंतींना तडे गेले तेवढेच. माझे वडील, अण्णा, औशाच्या पलीकडच्या एका गावात गणिताचे मास्तर होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. ती शाळा राहिली नाही. वर्गातली बरीच पोरंही राहिली नाहीत. अण्णा तिकडं मदतीला जाऊन आले आणि त्यावर घरात एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाली, पण त्यांना तिकडच्या बसमध्ये पाय ठेववेना.

त्यांचा एक जुना विद्यार्थी लातुरात अकरावी-बारावीचे क्लास चालवायचा. तो घरी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही नुसते फळ्यापुढं उभे राहा. बाकी माझ्याकडं लागलं." अण्णा उभे राहिले. महिन्याभरात ते जेवताना बोलायला लागले, दोन महिन्यांत आईवर चिडायलाही लागले. त्या फळ्यानं त्यांना परत माणसात आणलं. तो फळा सुटला तर अण्णा राहणार नाहीत, हे मला आणि आईला न बोलता कळलेलं होतं. पुढं जे काही केलं ते तेवढ्यासाठी केलं.

लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. उमरीपासून उदगीरपर्यंतची पोरं खोल्या घेऊन राहायची. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर कुणा न कुणा भावी डॉक्टरच्या बनियनी वाळत असायच्या. दर रविवारी परीक्षा, म्हणजे दर आठवड्याला नवा पेपर. मी नांदेडहून परतले ती सरळ क्लासच्या टाइपरायटरवर जाऊन बसले. अण्णा पेपर काढायचे आणि मी स्टेन्सिल कापायची, असा आमचा बापलेकीचा कारखाना सुरू झाला.

स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. मशीनची रिबन बाजूला करून त्यावर खटके मारायचे, म्हणजे अक्षरं कापली जातात आणि सायक्लोस्टाइल यंत्राची शाई त्यातून खालच्या कागदावर उतरते. गणिताची चिन्हं मशीनवर नसायची. त्यांच्यासाठी मी जागा सोडायची आणि अण्णा लोखंडी टोकाच्या लेखणीनं ती भरायचे. ही पद्धत सगळ्याच क्लासमध्ये होती. मी मात्र जरा अतिशहाणी. रिक्त संचासाठी एकदा ओ मारला, एक घर मागं आले आणि वर तिरकी रेघ मारली. दोन खटक्यांत मधला मेणाचा तुकडाच गळून पडला, आणि छापलेल्या प्रत्येक पेपरवर रिक्त संचाच्या जागी काळाकुट्ट ठिपका आला. अण्णा पोट धरून हसले. "रिक्त संच भरून टाकलास की," म्हणाले. महिरपी कंस लिहून आत काही न लिहिणं हा दुसरा रस्ता होता, पण आमच्या मशीनवर महिरपी कंसही नव्हता. तेव्हा अण्णांची लेखणीच खरी. एक वर्तुळ, त्यावर खालून वर जाणारी एक तिरकी रेघ. हात न उचलता काढल्यासारखं दिसायचं.

मग ते वर्तुळ बिघडायला लागलं. आधी एका बाजूला दबलं, मग त्याला दाते फुटले. अण्णांचा उजवा हात थरथरत होता, तोही लेखणी खाली ठेवल्यावर जास्त.

आम्ही कुणीच घाबरलो नाही. कारण त्या दिवसांत सगळ्यांचेच हात थरथरत होते. अधूनमधून जमीन हलायची, ताटं वाजायची, बायका पोरांना घेऊन रस्त्यावर यायच्या. शेजारीण चहाचा कप आणायची तेव्हा निम्मा चहा बशीत असायचा. ज्याला त्याला एकच दुखणं होतं आणि त्याला एकच नाव होतं: धास्ती. "त्यांनी तिथं काय काय बघितलं असंल," आई म्हणायची. "लई धास्ती बसलीय. जाईल हळूहळू." गल्लीतल्या डॉक्टरांनीही नाडी धरून तेच सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. आईनं माहूरच्या देवीला नवस बोलून ठेवला. शेजारणीनं दर्ग्यातला दोरा आणून स्वतः अण्णांच्या मनगटाला बांधला. दुसऱ्या कुठल्याही गावात अण्णांना तेव्हाच मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या गावात थरथरणारा हात ही दाखवण्यासारखी गोष्टच राहिली नव्हती.

क्लासमध्ये पोरं पेपरातल्या त्या चिन्हावर बोट ठेवून विचारायला लागली की हे सहा आहे का आठ. क्लासवाल्या सरांनी, म्हणजे अण्णांच्या त्या जुन्या विद्यार्थ्यानं, मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, स्टेन्सिल फाटून राहिलंय वाटतं. ते चिन्ह टाइपातच बसतंय का बघा की." त्यांनी दोष स्टेन्सिलला दिला, हे ऐकून मला हायसं वाटलं. मी म्हटलं, बघते.

तोवर बाजारात एका चाचांनी डीटीपीचं, म्हणजे कंप्युटरवर मजकूर जुळवायचं, दुकान टाकलं होतं आणि क्लासचे पेपर तिथं व्हायला लागले. मी चाचांच्या कंप्युटरवर बसायची. मराठी फाँटमध्ये ते चिन्ह नव्हतं. इंग्रजीत आल्ट धरून ०२१६ दाबलं की ओवर रेघ मारलेलं एक अक्षर यायचं. मी खूश. पण सगळं पान निवडून मराठी फाँट दिला की त्या अक्षराचं कुठलंतरी अर्धं जोडाक्षर व्हायचं आणि रिक्त संचाच्या जागी तुटकी मात्रा लोंबायची. "बेटी, उसको अकेला छोड," चाचा म्हणायचे. "पानाला फाँट दे, त्याला नको देऊ." म्हणून मी शेवटी एकेक चिन्ह हुडकून त्याचा फाँट परत बदलायची. डोळे फुटायची वेळ यायची.

तो कागद मी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "हे अंडं आहे," म्हणाले. "वर्तुळ पाहिजे. आणि हे चिन्ह नाही, हे नॉर्वेच्या लोकांचं अक्षर आहे." मला वाटलं, गंमत करतायत. पण ते रंगात आले. फ्रान्समधल्या काही गणितवाल्यांना रिक्त संचासाठी खूण हवी होती. शून्य चालेना, कारण शून्य म्हणजे काहीतरी आहे, ज्या संचात शून्य आहे तो रिकामा नाही. त्यांच्यातल्या एकाला नॉर्वेची लिपी ठाऊक होती. त्यातलं एक अक्षर त्यानं उचललं आणि गणितात आणून ठेवलं. "आपल्या ळ सारखं समज," अण्णा म्हणाले. "बाहेरच्याच्या तोंडात बसत नाही, आणि घरच्याचं त्याच्यावाचून चालत नाही. तिकडं ते अक्षर पोरं शाळेत गिरवत असतील. इथं आपण त्याला काहीच नाही म्हणतो." बोलताना डाव्या हातानं उजवा हात मांडीवर दाबून धरला होता. हात बिघडल्यानंतर त्यांना इतकं खुशीत मी त्या दिवशी पाहिलं, तेवढंच.

त्यांचं ते 'अंडं' मला लागलं आणि मी हट्टाला पेटले. सिम्बॉल नावाच्या फाँटमध्ये ०१९८ दाबल्यावर खरं चिन्ह सापडलं, गोल वर्तुळाचं. तेव्हापासून पेपर आरशासारखे निघायला लागले. क्लासवाले सर म्हणाले, "वा, आता कसं!" अण्णांच्या हाताचा कागदाशी संबंध उरला नाही. ते घरी कच्च्या कागदावर किडामुंगीसारखं बारीक लिहायचे, ते फक्त मला वाचता यायचं. मी मनातून फुशारले होते. अण्णांना मी लपवलं, आता धास्ती जाईपर्यंत कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशोब होता.

फळा मात्र टाइप करता येत नव्हता. अण्णांनी स्वतःच युक्ती काढली. पोरांना उठवायचे, "ये, तू सोडव," म्हणायचे आणि स्वतः हात पाठीमागं घेऊन खिडकीशी उभे राहायचे. पोरांना वाटायचं, सरांची शिकवायची ही पद्धतच आहे. काहींना ती आवडायची. पालकांना आवडली नाही.

शेवटी मावशीच्या आग्रहानं आम्ही अण्णांना नांदेडच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, मग कागद दिला आणि म्हणाले, काहीही लिहा. अण्णांनी लिहिलं, "ज्या संचात एकही घटक नसतो..." आणि प्रत्येक शब्दागणिक अक्षर बारीक होत गेलं. शेवटी त्यांनी ते चिन्हही काढलं. डॉक्टरांनी ते शून्य समजून मान हलवली. अण्णांनी सुधारलं नाही, आणि तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. मेंदूचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी धीमा होतो, जात नाही. आईनं विचारलं, "भूकंपाची धास्ती न्हाई का ही?" डॉक्टर म्हणाले, "नाही, त्याचा काही संबंध नाही." लातूरच्या स्टँडवर उतरताना आई म्हणाली, "धास्ती असती तर गेली असती."

त्यानंतर काही दिवसांनी क्लासवाले सर घरी आले. पेढे घेऊन आले, तेव्हाच मी समजले. बरंच इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाले, "सर, पालक ओरडून राहिलेत. म्हणतात, सर फळ्याला हात लावत न्हाईत. नव्या बॅचला हैदराबादहून एक जण आणतोय. तुम्ही लई केलं, आता आराम करा. पेपरांचं टेन्शन नाही, ताईला सगळी चिन्हं येतातच."

अण्णा मान डोलावत म्हणाले, "हाव. तिला येतंय."

मी अण्णांकडं बघू शकले नाही. त्यांचा हात लपवायचा म्हणून जे जे शिकले, त्यानंच त्यांची जागा भरून काढली होती. ओरडावंसं वाटलं की सर, त्यांना खडू धरता येत नाही हो, ते आळशी झालेले नाहीत. पण सांगून काय झालं असतं? आळशी माणसाला एक वेळ संधी मिळते.

सर निघताना नेहमीसारखे वाकले आणि अण्णांच्या पायांना हात लावला. अण्णांनी सवयीनं उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो हात त्या केसांवर थरथरत राहिला, थांबेचना. सर वाकलेलेच राहिले. मग हळूच उभे राहिले, त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बघितला आणि माझ्याकडं वळले. चेहरा पार उतरला होता. पण हैदराबादच्या माणसाला शब्द देऊन झाला होता, आणि तो हात बघितल्यावर तर अण्णांना परत फळ्यापुढं उभं करता येणारच नव्हतं.

"कधीपासनं हाय हे?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी हात सोडवून घेतला आणि डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला.

"भूकंपापासनं," आई म्हणाली. "धास्ती बसलीय. जाईल."