उलगडून परत दिलेलं झाड

मुलांनो, गेल्या वर्षीचं दुकानातलं ख्रिसमस कार्ड पाहून तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, यात तू काय केलंस?" म्हणून यंदा नक्षीच्या कागदाला चुण्या घालून झाडाचं कार्ड मी स्वतः करायचं ठरवलं. पट्टीने मोजूनही दोन कागद वाया गेले. शेवटचा उरलेला कागद घेऊन मी बदलापूरहून उल्हासनगरला, जिथून हे कागद आणले होते त्या दुकानात विचारायला गेले.

तिथे लग्नाच्या साड्यांचं पॅकिंग करणारी एक बाई बसते. साडीचा मोर करते, पंखा करते, आणि दातांत टाचण्या धरूनच बोलते. तिचं नाव मी विचारलं नाही; नातवंडांसाठी झाडाचं कार्ड करतेय, पण जमत नाही, एवढं सांगून कागद तिच्यापुढे धरला.

"पट्टी कशाला, आजी? साडीच्या निऱ्या काय मोजून घालता?" असं म्हणत तिने चिमटीत भराभर घड्या घेतल्या आणि मिनिटभरात झाड उभं केलं. मी खूश होऊन हात पुढे केला. तिने झाड उलगडलं, तळहाताने कागद सपाट केला आणि परत दिला.

"अगं, असू द्यायचं की तसंच."

"मग कार्ड माझं झालं ना. पोरं तुमची आहेत. बसा इथं, मी बघते."

अर्धा तास मी तिच्याशेजारी स्टुलावर बसून घड्या घातल्या. तिने एकदाही हात लावला नाही. "धीरे, आजी, धीरे," एवढंच म्हणत राहिली.

कार्ड आज पोस्टात टाकलं. झाड डावीकडे कललं आहे. जवळून पाहिलंत, तर माझ्या वाकड्या घड्यांच्या शेजारी तिच्या सरळ रेषाही दिसतील.