पंगत उठेपर्यंत

आईला जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. सुतकात घरची चूल बंद, म्हणून डबा शेजारून येतो. आज त्यात पुऱ्या होत्या. मला त्या खाववल्या नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

राज्याची नवी मांडणी होऊन राजधानी भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा बी.ए.ला होतो. वडिलांच्या भोपाळला बदलीचा हुकूम आला होता. ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. आईला उज्जैन सोडायचं नव्हतं. ती रोज एखादी ट्रंक उघडून काहीतरी बाहेर काढायची आणि संध्याकाळी वडील ते निमूटपणे परत भरायचे.

मग क्षिप्रा चढली. राम घाटावरची देवळं बुडाली, पाठीमागच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. वडिलांना पोहता येत होतं. एका धर्मशाळेच्या गच्चीवर अडकलेल्यांना आणायला ते नावेतून गेले. एक खेप नीट झाली, दुसऱ्या खेपेला नाव उलटली. बाकीचे झाडाला धरून वाचले, वडील दिसेनासे झाले. धाकटे काका नदीच्या काठाकाठानं त्यांना शोधत निघाले.

माधव नगरात आम्हा मराठी मंडळींचं एक सभागृह होतं. गणपतीत तिथे नाटकं व्हायची. पूरग्रस्तांना तिथेच आणलं. रंगमंचावर, राजवाड्याच्या रंगवलेल्या पडद्याखाली, ओली मुलं झोपली होती. टॉवर चौकातल्या दुकानदारांनी आटा, तेल, घोंगड्या पाठवल्या. दाराशी डॉक्टर लस टोचत होते. आम्ही कॉलेजातली मुलं पाणी उकळून पिंपं भरत होतो आणि पंगती वाढत होतो. मागच्या पडवीत मोठी कढई चढली होती, तिच्यासमोर आई.

कोणी तिला बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आली होती. स्वयंपाकाची सूत्रं शेजारच्या मावशींकडे होती. त्या तिला चिडवायच्या, "तुझ्या पुऱ्या भोपाळपर्यंत फुगलेल्या राहतील हो." आई थोडं हसायचीसुद्धा.

पण कुजबुज सुरू झालीच. नवऱ्याचा पत्ता नाही, उद्या काही वेडंवाकडं कळलं तर, सुतकातल्या बाईच्या हातचं शेकडो लोकांनी खाल्लं असं व्हायचं. एका बाईनं ते मावशींच्या कानाशी सांगितलं, पण आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आईनं पुरी उलटली.

"बातमी कानावर येईपर्यंत सुतक नसतं," ती म्हणाली. "मला अजून बातमी नाही."

तेव्हा मला कळलं की ती कढईजवळून का हलत नव्हती. ती तळत होती तोवर वडील कुठेतरी होते. एखाद्या गावात, एखाद्या ओसरीवर, ओल्या कपड्यांत. पूरग्रस्तांतल्या एका म्हातारीनं तिला विनवलं होतं, भाभीजी, अब थोडा बैठ जाओ. आई बसली नव्हती.

एका दुपारी काका आले. पंगत नुकतीच बसली होती. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. ते पडवीच्या उंबऱ्याबाहेर थांबले. नंतर त्यांनी मला सांगितलं की भुकेली माणसं पानावर बसलेली पाहून त्यांनी ठरवलं होतं, जेवणं होईपर्यंत काही सांगायचं नाही.

आईनं त्यांना पाहिलं. पुऱ्यांनी भरलेली परात उचलून त्यांच्यापुढे धरली.

"भावजी, एवढी आत वाढायला द्या."

काकांचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. त्यांनी ते पाठीमागे नेले. त्यांना बातमी ठाऊक होती, म्हणजे त्यांना सुतक होतं. लोकांच्या अन्नाला त्यांना शिवता येईना. बोलायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, हातांचं काय करायचं हे ठरवलं नव्हतं.

आई परात धरून तशीच उभी राहिली. मी पुढे होऊन ती घेतली. अजून गरम होती.

"वहिनी," काका म्हणाले.

"पंगत उठेपर्यंत काही बोलू नका," आई म्हणाली.

ती पुन्हा कढईसमोर बसली. मावशींनी झारा मागितला, तिनं दिला नाही. उरलेल्या कणकेच्या पुऱ्या झाल्या, मी त्या वाढल्या. आत लोक जेवत होते, कोणीतरी आणखी भाजी मागत होतं, रंगमंचावर एक मूल रडत होतं. कुजबुजणारी बाई खाली मान घालून लाट्या करत राहिली.

शेवटचं पान उचललं गेलं. आईनं जाळ ओढला, कढई झाकली, कोपरापर्यंत हात धुतले. मग उंबरा ओलांडून ती पायरीवर बसली. काका खालच्या पायरीवर होते.

"आता सांगा," ती म्हणाली.